हेरमन्नीची पांढरी गाडी

तुझ्या घराचा आधार कोण, असं हेरमन्नीला कोणी विचारलं असतं, तर त्यानं आधी देवाचं नाव घेतलं असतं आणि मग, जरा घुटमळून, थोरल्या लेकीचं. आइली तिचं नाव. रानात लाकूड तोडताना ओंडका कमरेवर आला, त्या वर्षापासून हेरमन्नीचा उजवा पाय कामातून गेला होता. काठी टेकत प्रार्थनाघरापर्यंत जायचं, तिथली चूल पेटवायची, बाकं पुसायची, एवढंच त्याच्या हातून व्हायचं. रेनडिअर राखायचे, तळ्यातली जाळी बर्फाखालून ओढायची, जळण आणायचं, हे सारं आइलीच्या अंगावर पडलं होतं. तिच्यामागची पाच भावंडं अजून शाळेत होती. आइली आहे तोवर घर उभं आहे, हे हेरमन्नी मनातल्या मनात रोज म्हणायचा. तिच्यासमोर मात्र कधी म्हणाला नाही. आमच्यात पोरांची तोंडावर स्तुती करत नाहीत. त्यानं गर्व चढतो.

त्या हिवाळ्यात घरातली गाडी बंद पडली आणि आइली स्कीवर जाऊ लागली. गाडी म्हणजे बर्फावरची, स्नोमोबाइल. दुसऱ्या कसल्या गाडीचा आमच्याकडे हिवाळ्यात काय उपयोग? सकाळी अंधारात निघालेली पोरगी अंधार पडल्यावर परत यायची, आणि जेवता जेवता बाकावरच डोळे मिटायची. हेरमन्नी बघायचा आणि बशीतली कॉफी न पिताच खाली ठेवायचा.

शेजारच्या ओत्तोच्या गोठ्यामागे एक जुनी गाडी कितीतरी वर्षं पडून होती. इंजिन जाम, पोटाखालचा रबरी पट्टा उंदरांनी कुरतडलेला, सीटमधून स्पंज बाहेर आलेला. हेरमन्नीनं ती मागितली.

"ने की," ओत्तो म्हणाला. "पण लेका, ती गाडी नाही, मयत आहे. तू प्रार्थनाघराची चूल पेटवतोस, मयतं उठवायचं काम तुझ्याकडे कधीपासून आलं?"

"तू ओढायला हात लाव. बाकी देव बघेल."

बाहेर थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठत होती. तसल्या थंडीत बोल्ट फिरवायला गेलं तर तुटतात, आणि रंग तर सुकतच नाही. म्हणून गाडी घरातच घ्यायची ठरलं. दाराची एक चौकट काढली, ओत्तो आणि आइलीनं मिळून ती फळ्यांवरून आत ढकलली आणि मोठ्या खोलीत, जेवणाच्या टेबलापासून हातभर अंतरावर उभी केली. हेरमन्नीची बायको लेम्पी पिठाच्या हातानं बघत राहिली.

"अहो, गाय आणली असती तर दूध तरी दिलं असतं," ती म्हणाली.

"वहिनी, ही पण देईल," ओत्तो म्हणाला. "पेट्रोलचं."

मग दोन महिने त्या घरात भाकरीला रॉकेलचा वास होता. हेरमन्नीनं प्लग काढून सिलिंडरमध्ये रॉकेल ओतलं आणि तसंच मुरू दिलं. रोज सकाळी प्रार्थना झाली की लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हातानं एक ठोका मारायचा आणि कान लावायचा. घाई केली असती तर पिस्टन फुटला असता. एके दिवशी तो केसभर हलला. लेम्पीला हेरमन्नीचा चेहरा बघूनच कळलं. तिनं त्या दिवशी मुलांच्या सूपमध्ये मांसाचे तुकडे जरा मोठे घातले.

कार्बोरेटरची बारीक छिद्रं त्यानं रेनडिअरच्या मानेखालच्या राठ केसानं साफ केली. तार घातली तर छिद्र मोठं होतं, केसानं होत नाही. रबरी पट्टा ओत्तोच्या दुसऱ्या मोडक्या गाडीचा कापून जोडला. सीटचं कातडं आइलीनं शिवलं, तेही रेनडिअरच्या पायातल्या चिवट शिरेच्या दोऱ्यानं, जसे आम्ही बूट शिवतो. टाका ओला झाला की फुगतो आणि पाणी आत येत नाही. संध्याकाळी बापलेक गाडीच्या दोन बाजूंना बसून काम करायचे, फारसं न बोलता. दुरून बघणाऱ्याला वाटावं, दोघं एकाच पाळण्याला झोका देताहेत. हेरमन्नीच्या आयुष्यातले सुखाचे दिवस मोजायचे म्हटलं तर मी हेच धरीन.

राहिला रंग.

गाडीच्या बॉनेटवर ओत्तोच्या मुलानं, तो शहरात निघून जाण्याआधी, लाल-पिवळ्या ज्वाळा काढल्या होत्या. हेरमन्नीनं त्या पहिल्याच आठवड्यात काचकागदानं घासायला घेतल्या होत्या. "नरकाचं चित्र घेऊन माझी पोरगी रानात जायची नाही." घासून झालं, चिरांत लांबी भरली, पुन्हा घासलं. आता बॉनेट बोडकं, करडं दिसत होतं.

ओत्तो एक डबा घेऊन आला. रस्त्याच्या कामावर अडसरांना देतात तो भडक नारिंगी रंग. अर्धा उरला होता. त्यानं झाकण उघडलं आणि धाकटी पोरं "हा!" करून भोवती जमली. त्या घरात ना पडदे, ना चित्रं. एवढा रंग एका जागी त्यांनी कधी पाहिला नव्हता.

हेरमन्नीनं झाकण परत लावलं. "हा नको. माझ्याकडे आहे."

त्याच्याकडे होता तो पांढरा. उन्हाळ्यात प्रार्थनाघराच्या खिडक्या रंगवल्या, तेव्हा एक डबा उरला होता, आणि वडीलधाऱ्यांनी तो राखणदार म्हणून त्याला दिला होता. देवाच्या घराचा उरलेला रंग. तो फुकट कसा घालवायचा? आणि त्याहून चांगला रंग तो कुठला?

"पांढऱ्या बर्फात पांढरी गाडी!" ओत्तो म्हणाला. "वर सशाचे दोन कान लाव म्हणजे झालं. मग कोल्हासुद्धा शोधून दमेल."

"शोधायला कशाला यायचंय कोणी? चालणारी गाडी आहे."

आइली सीटवर वाकून शेवटचे टाके घालत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आबा, ओत्तोकाका म्हणतात ते खरं आहे. धुकं पडलं तर मला स्वतःलाच गाडी सापडायची नाही. निदान बॉनेट तरी नारिंगी करू या."

हेरमन्नी थांबला. पोरीनं कधी उलट शब्द काढला नव्हता, म्हणून त्याला तो जास्त लागला असावा. "तुझ्या आजीनं आयुष्यभर काळं डोईचं फडकं बांधलं," तो म्हणाला. "ती कुठे हरवली? ज्यानं बघायचं तो बघतो आहे. बाकीच्यांच्या नजरेत भरायची आपल्याला गरज नाही."

आइलीचे कान लाल झाले. ती पुन्हा टाके घालू लागली. दुसऱ्या दिवशी हेरमन्नीनं पांढऱ्या रंगाचा पहिला हात दिला, तो वाळल्यावर दुसरा. बॉनेट, पाठ, पुढच्या दोन्ही घसरपट्ट्या, काही सोडलं नाही. काम सुरेख झालं होतं. ब्रशचा एक केस अडकलेला दिसत नव्हता.

गाडी बाहेर काढून दोरी ओढली तर तिसऱ्या झटक्याला पेटली. ओत्तोनं टोपी काढली आणि म्हणाला, "उठलं रे मयत!" लेम्पीनं डोळे पुसले. आइली सीटवर बसली, अंगणाला एक फेरी मारून बापापाशी आली, आणि हेरमन्नीनं तिला तेच सांगितलं जे तो घरातून निघणाऱ्या प्रत्येकाला दारात सांगायचा.

"काही झालं तरी गाडी सोडायची नाही."

त्याला कारण होतं. ओत्तोचा भाऊ असाच गाडी बंद पडल्यावर चालत निघाला होता. गाडी सापडली, माणूस बर्फ वितळल्यावर सापडला. तेव्हापासून हेरमन्नीच्या घरात पोरांना स्वर्गातल्या बापाच्या प्रार्थनेपाठोपाठ हे वाक्य पाठ होतं. गाडी मोठी असते, माणूस लहान. शोधणाऱ्याला आधी गाडी दिसते.

मार्च उजाडला. दिवस मोठे झाले, बर्फावर ऊन चमकू लागलं. आइली कोर्पी सरोवरावर जाळी उचलायला निघाली, पाठीमागे घसरगाडा जोडून. लेम्पीनं जवाची भाकरी आणि सुकवलेलं मांस बांधून दिलं. हेरमन्नीनं दारातलं वाक्य म्हटलं. आइली "हो आबा" म्हणाली.

दुपारनंतर वायव्येकडून आभाळ करडं होत आलं आणि मग समोरचं कुंपणही दिसेना. लेम्पी खिडकीला लागली. हेरमन्नी म्हणाला, "ओत्तोच्या मासेमारीच्या झोपडीत थांबली असेल. शहाणी आहे." ते त्यानं इतक्या वेळा म्हटलं, की शेवटी धाकट्यांनी त्याच्याकडे बघायचं सोडलं.

दुसऱ्या दिवशी वादळात मधेच खंड पडला. आभाळ तासाभरासाठी उघडलं आणि शोधाचं हेलिकॉप्टर आलं. अंगणातून हेरमन्नीला ते दिसत होतं. ते सरोवरावर गेलं, वळलं, परत एकदा तिथूनच आलं, आणि निघून गेलं. संध्याकाळी निरोप आला की सरोवर मोकळं आहे, तिथे कोणी नाही, उद्या डोंगराच्या पलीकडे बघतील.

हेरमन्नी ओसरीत उभा होता. त्यानं निरोप ऐकला, आणि नजर खाली गेली तर फळीवर तो पांढऱ्या रंगाचा रिकामा डबा उपडा ठेवलेला होता. मग तो खाली बसला. लेम्पीनं आतून विचारलं, "काय म्हणाले हो?" त्या क्षणी सगळ्या तालुक्यात फक्त त्यालाच माहीत होतं, की सरोवर मोकळं नाही.

"ओत्तोला बोलवा," तो म्हणाला. "तळ्यावरच आहे ती. गाडी सोडायची नाही ती. आणि गाडी दिसायची नाही."

ओत्तो वारं चालू असतानाच निघाला. खोट्या आशा नकोत, म्हणून गावात कोणाला काही न बोलता. जाळ्यांच्या खुणेच्या काठ्या धरून तो इकडून तिकडे जात राहिला. एकदा अगदी जवळून पुढे गेला, असं त्याच्याच गाडीच्या खुणांवरून नंतर कळलं. परत फिरताना त्याला बर्फावर दोन कावळे बसलेले दिसले. वादळात कावळे बसत नाहीत. तो जवळ गेला. ते गाडीच्या हँडलच्या काळ्या मुठी होत्या. तेवढ्याच रंगवायच्या राहिल्या होत्या, कारण रबरावर रंग धरत नाही.

आइली गाडीच्या आडोशाला, घसरगाड्याच्या ताडपत्रीखाली, बर्फात पुरली गेली होती. जिवंत होती. बर्फाच्या थराखाली पाणी साचलेलं असतं आणि वरून काही कळत नाही. तशाच जागी गाडी रुतली होती, आणि ती बाहेर काढताना पोरगी कमरेपर्यंत भिजली होती. खिशातल्या काड्याही भिजल्या. हेलिकॉप्टरचा आवाज तिनं ऐकला होता. ताडपत्रीवरचा गोठलेला भार ढकलून बाहेर यायला तिला जो वेळ लागला, त्यात ते दोनदा डोक्यावरून जाऊन गेलंही. बाहेर आली तेव्हा तिला फक्त त्याची शेपटी दिसली.

शहरातल्या इस्पितळात तिची दोन्ही पावलं कापली. उजव्या हाताची बोटं गेली, डाव्या हाताची दोन राहिली.

हेरमन्नीनं प्रार्थनाघरात उभं राहून क्षमा मागितली. आमच्यात ती तोंडानं मागायची असते आणि तोंडानंच द्यायची असते. गळ्यात हात घालून, येशूच्या नावानं आणि रक्तानं तुझी पापं पुसली गेली यावर विश्वास ठेव, असं म्हणायचं असतं. सगळे बाकांवरून उठून आले. म्हातारे उपदेशक तर रडत होते. "वादळ तू आणलंस का, हेरमन्नी? हवा देवाची असते." ज्याच्या त्याच्या गळ्यात पडून हेरमन्नी घरी आला, आणि तरी त्याला जेवण जाईना.

लेम्पीनं ताट उचललं. "साऱ्या गावाकडे मागून आलात," ती म्हणाली. "जिच्याकडे मागायची तिच्याकडे अजून नाही गेलात."

"ती इस्पितळात आहे."

"बस जाते तिथे."

तो गेला नाही. पाय दुखतो म्हणाला, प्रार्थनाघर कोण उघडेल म्हणाला. लेम्पी एकटी जाऊन यायची. आइली विचारायची का, असं तो तिला विचारायचा, आणि लेम्पी सांगायची, "तुमच्या पायाचं विचारते." ते ऐकून त्याला अजूनच जड व्हायचं.

नद्यांवरचा बर्फ फुटला तेव्हा आइली घरी आली. ओत्तोनं तिला उचलून आत आणली, मोठ्या खोलीतल्या पलंगावर ठेवली आणि काहीतरी विनोद करायला तोंड उघडून तसंच मिटलं. राखणारं कोणी नव्हतं, म्हणून रेनडिअर त्याआधीच दुसऱ्यांच्या कळपात गेले होते. हेरमन्नी दिवसभर चुलीशी, लाकडांशी, कशाशी ना कशाशी खुटखुट करत राहिला. शेवटी लेम्पीनं धाकट्यांना अंघोळघर तापवायला पिटाळलं, स्वतःही बाहेर गेली, आणि जाताना दार ओढून घेतलं.

हेरमन्नी पलंगापाशी आला. टोपी काढली.

"आइली, मी रंगाचं चुकलो. तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. मला वाटलं मी देवाची बाजू घेतोय, पण मी माझाच हट्ट केला. मला क्षमा करशील का?"

आइलीनं त्याच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा बारीक झाला होता, पण आवाज तसाच होता, सीट शिवताना होता तसा.

"येशूच्या नावानं आणि रक्तानं रंगाची क्षमा आहे, आबा. विश्वास ठेवा." तिनं डावा हात उचलून त्याच्या मानेवर ठेवला. दोन बोटं त्याला कॉलरपाशी जाणवली.

हेरमन्नीला रडू फुटलं. तो वाकून तसाच राहिला. ती थांबली, त्याचं रडणं ओसरेपर्यंत. मग म्हणाली, "आता एक सांगते, ते आईला सांगू नका. गाडी रुतली तेव्हा वादळ आलेलं नव्हतं. ऊन होतं. पायही कोरडे होते. ओत्तोकाकांची झोपडी मला दिसत होती."

हेरमन्नीनं मान वर केली.

"चुलीत लाकडं रचलेली असतात तिथे. चालत गेले असते तर आभाळ भरायच्या आत पोचले असते. मी निघालेही होते. थोडी गेले. मग तुमचं वाक्य आठवलं, म्हणून परत आले. गाडी काढायला लागले, तेव्हा भिजले."

बाहेर धाकटी पोरं पाण्याच्या बादल्या आपटत होती. रंग ही हेरमन्नीची चूक होती, हे साऱ्या गावाला कळलं होतं. त्यावर माणसं गळ्यात पडून रडली होती. पण ते वाक्य चूक नव्हतं. ते त्यानं प्रेमानं शिकवलं होतं, आणि अजूनही कोणाला दारात निरोप देताना तो तेच म्हणाला असता. त्याची क्षमा कशी मागायची, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

तरी त्यानं मागितली. "त्याचीही कर, पोरी. झेपत असेल तर."

आइली खिडकीकडे बघत राहिली. आमच्यात क्षमा मागितली की लगेच देतात. थांबून राहणं हेच मोठं पाप मानतात, आणि ते हेरमन्नीइतकंच आइलीलाही लहानपणापासून ठाऊक होतं.

"त्याचं मला विचार करून सांगावं लागेल, आबा," ती म्हणाली.

असं उत्तर त्या घरात, त्या गावात, कोणी कधी दिलेलं हेरमन्नीनं ऐकलं नव्हतं. वडीलधाऱ्यांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी पोरीला समज दिली असती. हेरमन्नीनं भिंतीकडचं स्टूल पायानं ओढलं, दुखरा पाय पुढे करून तिच्या पलंगापाशी बसला आणि म्हणाला, "कर विचार. मी कुठे जात नाही."

लेम्पीनं कॉफीसाठी हाक मारली तेव्हाही तो उठला नाही.